मनी मांजरीच्या डोळ्यांबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवरचं निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स मनीला घालू नका. त्यात बहुतेक स्टेरॉइड असतं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बारीक जखम असेल तर स्टेरॉइडमुळे ती भरत नाही, उलट खोल जाते. डोळाच जाऊ शकतो. डॉक्टर डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग टाकून निळ्या उजेडात बघतात, जखम हिरवी चमकते. ही तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

सकाळी कोपऱ्यात तपकिरी चिपड एवढंसं असलं तर चालतं. पिवळं-हिरवं, पापण्या चिकटवणारं येत राहिलं तर संसर्ग. मांजरांत बहुधा हर्पीस (विषाणू) किंवा क्लॅमिडिया (जिवाणू) निघतो. हर्पीस अंगातून कधीच जात नाही. घर बदललं, नवं मांजर आलं, की ताणाने पुन्हा उफाळतो. म्हणून 'बरी झाली होती, परत कसं?' याचं नवल नको. माणसांना तो लागत नाही.

क्लॅमिडिया असेल तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण 4 आठवडे. डोळे लवकर स्वच्छ दिसतात आणि सगळे तिथेच थांबवतात, मग ते उलटतं. आई, ही गोळी कोरडी भरवू नकोस. अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. मागोमाग सिरिंजने 5-6 मिली पाणी गालातून हळूहळू दे.

पुसायला सलाइन किंवा उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात, गॉजच बरा. सुकलेलं चिपड ओढू नका. ओला गॉज अर्धा मिनिट धरा, सुटून येतं. नाकाकडून बाहेर पुसायचं, दर डोळ्याला नवा तुकडा. नंतर हात धुवा.

औषध पुसल्यावरच. तिला टॉवेलात गुंडाळा, बाटली डोक्यामागून आणा. समोरून आणली की ती बिथरते. टोक डोळ्याला टेकवू नका. दोन औषधांत 5 मिनिटं अंतर, मलम शेवटी.

डोळा मिचकावून धरला, धुरकट दिसला किंवा दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या वाटल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका. आणि निघण्याआधी डोळा पुसू नका. चिपडाचा रंग डॉक्टरांना दिसायला हवा, नमुनाही तिथूनच घेतात.

तुमची,
ताई