परदेशी शिक्षण : माहितीपत्रकाला भुलू नका

महोदय,
भाचीला परदेशात व्यवस्थापन शास्त्रात मास्टर्स करायचे आहे. इथल्या एका सल्लागाराने तिच्यापुढे तीन चकचकीत माहितीपत्रके ठेवली. फीच्या आकड्यावर त्याचा अंगठा! सल्ला फुकट, कारण कमिशन तिकडच्या संस्थेकडून मिळते, हे नंतर कळले. घरी येऊन आम्ही एएसीएसबी, इक्विस आणि अँबा या, व्यवस्थापन शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासून दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानांकनांच्या याद्या चाळल्या. माहितीपत्रकांतल्या तिन्हींपैकी एकाही संस्थेचे नाव कुठेच नव्हते. पालकांनो, पैसे भरण्याआधी एवढे तरी पाहाच. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच बडोद्यात मुलांना निःस्वार्थ सल्ला मिळू नये, याचे फार वाईट वाटते. परदेशात शिकून आलेल्यांनी महिन्यातला एक रविवार या मुलांना द्यावा, ही कळकळीची विनंती.
– एक मामा, दांडिया बाजार, बडोदे