पिवळ्या साक्यातले रसायन शिकवा

महोदय,
कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले. फॉस्फेट ओळखण्याच्या परीक्षेत नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मोलिब्डेट घालून नळी कोमट केली, की पिवळाधमक साका बसतो. मुले वहीत 'फॉस्फेट आहे' लिहितात आणि नळी बेसिनमध्ये ओततात. फार वाईट वाटते, कारण त्या नळीत एक फॉस्फरस, भोवती १२ मोलिब्डेनम आणि ४० ऑक्सिजन अशी देखणी रचना असते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने हा साका १८२६ मध्ये नोंदवला. अशा रचनेचा उलगडा केगिन या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये क्ष-किरणांनी, मोलिब्डेनमऐवजी टंगस्टन असलेल्या आम्लावर केला.

अशा रचनेच्या कुळातली संयुगे ऑक्सिडेशनची उत्तम उत्प्रेरके आहेत. मोलिब्डेनमवाले संयुग इलेक्ट्रॉन घेते तरी मोडत नाही, निळे होते. 'क' जीवनसत्त्वाची गोळी विरघळवून घातली तरी हा निळा रंग दिसतो. व्हॅनेडियम मिसळलेली संयुगे हवेतल्या ऑक्सिजनने पूर्ववत होतात आणि पुन्हा कामाला लागतात. मेथाक्रिलिक आम्लाचे काही कारखाने त्यांवर चालतात. टंगस्टनवाली हायड्रोजन पेरॉक्साइडचा ऑक्सिजन अल्कीनला (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाला) देऊन इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे कडे असलेले संयुग) बनवतात. कधी पेरॉक्साइडने मूळ रचना फुटते आणि खरे काम तिचे तुकडे करतात, हेही मुलांना सांगायला हवे. ऑक्सिडेशनसाठी डायक्रोमेट हे क्रोमियमचे संयुग वापरले की मागे क्रोमियमचा विषारी गाळ उरतो, पेरॉक्साइडचे मात्र पाणी होते.

अभ्यासक्रम मंडळाने प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात या साक्याची आकृती आणि चार ओळी घालाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण