पांढऱ्या चादरीवरची हळद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही फाइव्ह स्टार स्टेकेशनवर, म्हणजे आपल्याच शहरातल्या हॉटेलात सुट्टी घालवण्यावर, दोन पानं छापलीत, ती मी दोनदा वाचली, कारण मी २९ वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला होतो, रूम बॉय म्हणून लागलो आणि फ्लोअर सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. लेखात पूल आहे, ब्रेकफास्टचा बुफे आहे, उशांचं वेगळं मेन्यूकार्ड असतं तेसुद्धा आहे, सगळं बरोबर लिहिलंय. पण ती खोली रोज तशी कोण करतं त्याच्याबद्दल अख्ख्या दोन पानांत एक ओळ नाही. आणि खाली ती 'पैसा वसूल' म्हणून चौकट दिलीय ना, की चेकआउट लांबवून घ्या, जादा किट मागून घ्या, बिलातला सर्व्हिस चार्ज काढायला लावा, ती वाचल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसलो.

चेकआउटचंच आधी सांगतो. दुपारी १२ ला जुना गेस्ट जातो आणि २ किंवा ३ वाजता नवा येतो, लोकांना वाटतं मधले दोन-तीन तास हॉटेलवाले उगाच खातात. एका रूम अटेंडंटकडे आठ तासांच्या शिफ्टला १४ ते १६ खोल्या असतात. गेस्ट राहतोय ती खोली २५-३० मिनिटांत होते पण चेकआउटची खोली म्हणजे पाऊण तास कुठे गेला नाही, सगळं लिनन उतरवायचं, गादी एका हाताने आणि गुडघ्याने उचलून चादरीचा कोपरा मारायचा, डुवे म्हणजे जाड रजई खोळीत भरायची, मग बाथरूम, काच, नळ, टबच्या कडा, आणि शेवटी पुसत पुसत उलटं बाहेर यायचं. फरशीवर एक केस सापडला तर रूम परत पहिल्यापासून करायची, मी स्वतः अशा कितीतरी खोल्या परत केल्यात आणि त्या पोरांची तोंडं मला आजही आठवतात. माझ्या बरोबर लागलेल्या बहुतेकांना चाळिशीतच कमरेचा पट्टा लागला, मलाही लागला. अशात एका मजल्यावर पाच-सहा खोल्या आयत्या वेळी 'अजून तासभर' म्हणाल्या की खाली लॉबीत नवे गेस्ट उभे राहतात, रिसेप्शनवरून दर दहा मिनिटांनी पँट्रीत, म्हणजे मजल्यावरच्या आमच्या सामानाच्या खोलीत, फोन, आणि त्या पोराचं जेवण जातं ते जातंच. लेट चेकआउट घेऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर घ्या, पण आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे खोल्यांचा क्रम बदलता येतो.

आता लग्नांचं. हॉटेलात लग्न करायची पद्धत मी माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली पाहिली. एका फेब्रुवारीत एका लग्नाच्या २२ खोल्या माझ्या मजल्यावर होत्या, हळद खाली लॉनवर होती पण लोक तसेच माखलेल्या अंगाने वर आले, पलंगावर बसले, टॉवेलला हात पुसले. गुहागरकडचा एक नवीन मुलगा होता, पहिल्याच महिन्यात, त्याला वाटलं आपणच डाग काढू म्हणजे बोलणी बसणार नाहीत, त्याने बेसिनमध्ये टॉवेलला साबण लावला आणि तो पिवळा डाग लालभडक झाला. मी पँट्रीत गेलो तर हा टॉवेल मागे लपवून उभा, हात थरथरतायत. साबणाने हळद लाल होते हे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं, त्याला माहीत नव्हतं, त्याला वाटलं रंग उतरला, आता नोकरी गेली. मी त्याला म्हटलं अरे घरी आई काय करते, कपडा धुऊन दोरीवर उन्हात टाकते आणि दोन दिवसांत हळद जाते, हळदीला ऊनच लागतं. तर तो म्हणाला, साहेब मग आपण उन्हात टाकू ना.

पण हॉटेलच्या लाँड्रीत ऊन कुठून येणार. ती बेसमेंटला असते, तिथे मशीन, ड्रायर आणि वाफेचे रोलर, दिवसभर ट्यूबलाइट. ब्लीच मारून डाग फिका होतो पण कापड विरतं. त्या एका लग्नात ११ डबलच्या चादरी कंडेम झाल्या, म्हणजे रजिस्टरला नोंद करून बाद, मग त्या फाडून डस्टर करतात. मेंदीचंही तेच, ओली मेंदी पांढऱ्या उशीला लागली की ती उशी गेली. आणि ह्यातलं काहीही मुद्दाम कोणी करत नाही हे मलाही कळतं, आनंदाचा दिवस असतो, कोणाचं लक्ष असतं चादरीकडे. फक्त आदल्या दिवशी हाउसकीपिंगला एक फोन केला ना, की उद्या हळद आहे, तर आम्ही जुन्या बाद चादरी पलंगावर, सोफ्यावर पसरून देतो, जुने टॉवेल देतो, वर एक शब्द बोलत नाही. २९ वर्षांत असा फोन मला दोनदा आला.

काय न्यायचं आणि काय नाही ह्यावरही तुमच्या लेखात गंमत केलीय. साबण, शांपू, कंगवा, दात घासायचं किट, कागदी पिशवीतल्या सपाता, हे तुमचंच आहे, बिनधास्त न्या. बाथरोब, टॉवेल, किटली, हेअर ड्रायर हॉटेलचे. एक बाथरोब गेला तर हॉटेल बुडत नाही हे खरंय. पण चौकशी होते ती त्या खोलीवर ज्याची सही असते त्याची. आमच्याकडे पगार कापत नव्हते, पण सिक्युरिटीत बसून जबाब लिहून द्यावा लागायचा आणि ज्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही अशा माणसाला तो कागद लिहिताना काय वाटतं ते मी समोर बसून बघितलंय.

सर्व्हिस चार्जबद्दल तुम्ही लिहिलंय ते कायद्याने बरोबर आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की खाण्याच्या बिलात हा चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तेच कायम केलं. मला ते पटतं, कारण गिऱ्हाइकाला न विचारता पैसे घेणं बरोबर नाही आणि तो पैसा पूर्ण स्टाफपर्यंत पोचायचाच ह्याची खात्री कुठेच नव्हती. पण तुमची चौकट तिथेच थांबते. चार्ज काढायला लावला, ठीक, मग ते पैसे खिशात ठेवून घरी यायचं का? साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आपण मुकाट भरतो आणि ज्याने आपला संडास घासला त्याला पन्नास रुपये देताना हात मागे येतो, हे मी मराठी माणसांबद्दल लिहितोय आणि लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण परदेशी गेस्ट उशीवर नोट आणि शेजारी थँक यूची चिठ्ठी ठेवून जायचा आणि आमची पोरं ती चिठ्ठी पाकिटात जपून ठेवायची. वेटरला टिप मिळते कारण तो समोर असतो. रूम अटेंडंट तुम्ही बाहेर गेल्यावर येतो, आणि किचनच्या मागे भांडी घासणारा तर तुम्हाला कधीच दिसत नाही. त्यात आता बऱ्याच ठिकाणी हाउसकीपिंग कंत्राटावर गेलंय, पाटी मोठ्या हॉटेलची आणि पगार कंत्राटदाराचा, तेव्हा हातात दिलेले शंभर रुपये त्या घरात किती मोठे असतात ते मी वेगळं सांगायला नको.

आणि ही माणसं कोण आहेत ते मुंबईने एकदा बघितलंय. ताज सुरू झालं डिसेंबर १९०३ मध्ये, तेव्हा समोर गेटवे नव्हता, तो पुरा झाला १९२४ ला. त्या इमारतीचा नकाशा करणाऱ्यांत डी. एन. मिर्झांच्या बरोबर आपले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्याच इमारतीत किचनचा स्टाफ गेस्टच्या पुढे उभा राहिला, मागचे रस्ते त्यांना माहीत होते, ते स्वतः निघून जाऊ शकले असते. ३१ माणसं गेली ताजमध्ये, त्यात गेस्ट होते तसे कर्मचारीही होते. आम्ही त्या रात्री आमच्या हॉटेलात दिवे घालवून प्रत्येक खोलीला फोन करत होतो, दार उघडू नका, खिडकीपाशी जाऊ नका, आणि पलीकडून बारीक आवाजात विचारायचे, तुम्ही आहात ना तिथे. २१ डिसेंबरला ताजचा टॉवर आणि त्याच रात्री हल्ला झालेलं ट्रायडंट हॉटेल परत उघडले, जुनी इमारत उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. पेपरांत फोटो आले ते पाहुण्यांचे आणि पुढाऱ्यांचे. धुराचा वास पडद्यातून, कार्पेटमधून, गादीतून कसा काढतात किंवा निघत नाही तेव्हा सगळं उतरवून नवं कसं लावतात, ते काम ज्यांनी केलं त्यांचा फोटो मी तरी कुठे पाहिला नाही.

म्हणून विनंती एवढीच आहे. लोकांनी हॉटेलात जावं, खुशाल जावं, माझं घर त्याच्यावर चाललं आणि मुलीचं शिक्षणही त्यातूनच झालं. पण पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा त्यात एवढं घाला: उशीर होणार असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा, हळद-मेंदी असेल तर जुन्या चादरी मागून घ्या, टॉवेल बदलायचा नसेल तर दांडीवर ठेवा आणि बदलायचा असेल तर जमिनीवर टाका, दिवसभर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी लावून रात्री ९ ला खोली साफ करायला बोलवू नका, आणि निघताना उशीवर काही ठेवलंत तर शेजारी 'हाउसकीपिंगसाठी' असं लिहून ठेवा. नुसती नोट पडलेली असेल तर ती आमची पोरं घेत नाहीत, विसरलेली समजून लॉस्ट अँड फाउंडला जमा करतात.

आपला,
एक निवृत्त फ्लोअर सुपरवायझर, कळवा