‘कितवा नंबर?’ हे विचारायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात बसून अंदमानच्या सहली आखून देणारी आम्ही चार माणसं. तुम्ही मूळच्या मालवणच्या, आता स्वराज द्वीपावर डायव्हिंग शिकवता. आम्ही कोण, कुठले, याची चौकशी न करता तुम्ही आमचे फोन घेत आलात, आणि दोन बोटींच्या मधल्या वेळात प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलंत. त्याचे आभार फोनवर ‘थँक्यू हं ताई’ एवढ्यावर भागण्यासारखे नाहीत, म्हणून हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण तुमचं सांगणं पुढच्या माणसाच्याही कामी यावं.

सगळ्यात मोठे आभार एका प्रश्नासाठी. हॉटेलचे फोटो पाठवले की तुम्ही खोलीबद्दल काही बोलायच्या आधी विचारायचात, “कितवा नंबर?” 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. पण बेटावरची माणसं जागा आजही नंबरानेच सांगतात. धक्का आहे ते एक नंबर, गोविंदनगरचा बाजार तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. बुकिंगच्या साइटवर मात्र सगळ्यांपुढे नुसतं ‘हॅवलॉक’ लिहिलेलं असतं. तीन आणि पाच नंबर पूर्वेच्या किनाऱ्यावर, सात नंबर पश्चिमेला, धक्क्यापासून बारा किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडचा समुद्र इतका वेगळा की बाजू चुकली तर उत्तम खोलीसुद्धा पस्तावायला लावते.

पूर्वेचं गणित तुम्ही भरती-ओहोटीवरून समजावलंत, आणि ते कोकणातल्या माणसाला चटकन कळतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. अंदमानात हा फरक दोन मीटरच्या आसपासच. मग विजयनगरला ओहोटीत पाणी एवढं दूर का जातं? कारण तिथे किनाऱ्यालगत प्रवाळ-खडकाचं सपाट, उथळ पठार आहे. पाणी थोडं उतरलं तरी शेकडो पावलं उघडी पडतात. फोटोत निळंशार दिसणारं पाणी दुपारी गुडघ्याएवढं, आणि पायाखाली धारदार खडक. “समुद्रासमोर खोली घेतली आणि समुद्रच नाही,” ही तक्रार तिथूनच येते. हॉटेलवाल्याने फसवलेलं नसतं, फोटो भरतीच्या वेळचा असतो.

म्हणून आता आम्ही खोली ठरवण्याआधी त्या तारखांचं पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक काढतो. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपली कोकणी रीत तिथे चालत नाही, तिथले तास वेगळे, हे तुम्ही पहिल्याच फोनवर बजावलं होतंत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेवढं मात्र सगळीकडे सारखंच. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त दूर जातं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते तेव्हा कमी. ज्या दिवशी सकाळी नऊ-दहाला भरती, त्या दिवशी पाच नंबरवरही मजेत डुंबता येतं. ज्या दिवशी त्याच वेळी ओहोटी, त्या दिवशी सकाळी राधानगर गाठायचं. तिथे तळाला वाळूच आहे, त्यामुळे पाणी उतरलं तरी पोहता येतं.

मग सगळ्यांनी राधानगरलाच का राहू नये, यावर तुमचं उत्तर आम्ही शब्दशः लोकांना सांगतो: “दिवसा सात नंबर, रात्री तीन-पाच नंबर.” सात नंबरवर राहायच्या जागा मोजक्या, त्यातल्या चांगल्या महाग. किनाऱ्याच्या तोंडाशी थाळीच्या टपऱ्या आहेत, पण सूर्य बुडाला की त्यांची आवराआवर सुरू होते. आणि सूर्य लवकर बुडतो. घड्याळ आपलंच असलं तरी बेट पुण्याच्या पूर्वेला एकोणीस रेखांश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वा तास पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. त्यानंतर बाजारात जेवायला जायचं म्हणजे झाडीतला काळोखा, वळणांचा रस्ता स्कूटरवर कापायचा. म्हणून राधानगरला राहणाऱ्याने एमएपी, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून दर घ्यावा. तीन किंवा पाच नंबरवर राहणाऱ्याने सीपी, नुसता नाश्ता. चालत जाण्याच्या अंतरावर जेवायच्या चार जागा असताना रोज रात्री त्याच हॉटेलातला पनीर बटर मसाला खाणं म्हणजे पैसे भरून कंटाळा घेणं. उलटं करणारे खूप भेटतात, कारण पॅकेजवाला सगळ्यांना एकच प्लॅन लावतो.

खोलीबद्दल विचारायचे प्रश्नही तुमचेच. हॉटेल रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला की पलीकडे? पूर्वेला किनाऱ्याला समांतर रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंची हॉटेलं स्वतःला ‘बीच रिसॉर्ट’च म्हणवतात. ‘सी व्ह्यू’ म्हणजे नक्की काय? दोन माडांच्या मधून दिसणारी निळी रेघही सी व्ह्यूच असते. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा आणि दिवा? बेटावर वीज जाणं नवलाचं नाही, त्यामुळे ‘बॅकअप आहे’ या उत्तरावर थांबायचं नाही. बांबूची झोपडी असेल तर खिडक्यांना जाळी आहे का, पलंगाला मच्छरदाणी आहे का, आणि संडास-बाथरूम आतच आहे ना. आजी-आजोबा बरोबर असतील तर पायऱ्या किती. झोपडीवर वाकलेल्या माडाचे नारळ वेळेवर उतरवतात का, हा प्रश्न आधी आम्हाला जादा वाटला होता. नारळ किती उंचीवरून पडतो हे बघितल्यावर तो यादीत वर गेला.

चेक-आउटची वेळ जरूर विचारायची. तिथली बरीच हॉटेलं सकाळी आठ-नऊलाच खोली मागतात, आणि बोट दुपारची असेल तर सामान आणि माणसं कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. बॅगा ठेवायला खोली आणि अंघोळीला एक बाथरूम मिळेल का, हे बुकिंग करतानाच लिहून घ्यावं. पहाटेच्या बोटीला नाश्ता बांधून द्यायलाही आदल्या संध्याकाळीच सांगावं लागतं.

आता जेवण. इथे तुमच्यातली मालवणी बाई जागी होते, आणि त्याबद्दल आभार मानताना आमच्याही तोंडाला पाणी सुटतं.

पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना या बेटावर वसवलं गेलं. त्यामुळे तिथलं घरचं जेवण म्हणजे बंगाली जेवण. ते चांगलं कुठे मिळतं, तर तीन नंबरच्या बाजारातल्या साध्या खाणावळींमध्ये, दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान. स्टीलच्या ताटात मध्ये भाताचा ढीग, बाजूला पातळ मसूर डाळ, बटाट्याची कुरकुरीत काचरी, एक पालेभाजी, आणि वाटीत हळद-जिऱ्याचा माशाचा झोल, त्यात बटाट्याची उभी फोड. झोल आपल्या कालवणासारखा दाट नसतो, नारळ नसतो. तो भातावर ओतूनच खायचा. दोननंतर गेलं तर मासा संपलेला असतो आणि अंड्यावर भागवावं लागतं. मोहरीच्या तेलाचा झणका ज्यांना सोसत नाही त्यांनी भाजी-मासा रिफाइंड तेलात करून मागावा, आधी सांगितलं तर करून देतात.

विचारायचा प्रश्न एकच: “समुद्राचा की गोड्या पाण्याचा?” बंगाली ताटात रोहू-कातला आवडीने खातात, आणि तो मासा बहुतेक वेळा बर्फातून मुख्य भूमीवरून आलेला असतो. बेटावर जाऊन तो खाण्यात अर्थ नाही. सुरमई, कुपा (ट्यूना), तांबोशी किंवा कोकारी म्हणतात तो प्रवाळातला मासा मागावा.

संध्याकाळी किनाऱ्यालगतची रेस्टॉरंट बर्फावर मासे मांडतात, तेव्हा काय बघायचं हे तुम्ही ज्या तपशिलाने सांगितलंत ते मंडईतल्या कोळणीनेच सांगावं असं. कल्ला बोटाने उचलायचा. आत लालभडक, ओलसर असेल तर ठीक. विटकरी-करडा, चिकट तार सुटणारा असेल तर पुढे चालू लागायचं. डोळा बाहेर आलेला आणि स्वच्छ हवा, खोल गेलेला दुधी नको. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा लगेच भरून यायला हवा. चिंबोरी हातात आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि दर शंभर ग्रॅमचा की किलोचा, हे विचारून पूर्ण आकडा वहीत लिहून घ्यायचा, मगच “भाजा” म्हणायचं. बिलावरून होणारी भांडणं जवळपास सगळी या एका गोष्टीवरून होतात. पोटाखाली अंडी लागलेली शेवंडी (लॉब्स्टर) कितीही मोठी असली तरी घेऊ नये, हे तुम्ही निक्षून सांगता. आम्हीही सांगतो.

कुप्याबद्दलचा तुमचा इशारा आमच्या प्रत्येक आखणीवर लाल अक्षरात असतो. कुपा, बांगडा, सुरमई हे मासे बर्फाशिवाय उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं. ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासात चेहरा लाल, अंगाची आग, डोकं ठणकणं सुरू होतं, आणि माणूस समजतो की आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. पहिल्या घासाला जिभेवर मिरपुडीसारखं चुरचुरलं तर ताट तिथेच बाजूला करायचं.

शाकाहारी मंडळींना तुम्ही कधीच “तिथे तुमचे हाल होतील” असं घाबरवलं नाहीत. शहीद द्वीप ही अंदमानची भाजीची परडी आहे, तिथे भाजी ताजी मिळते. स्वराज द्वीपावर कढई आणि तेल वेगळं आहे का, एवढं विचारून ठरवायचं. उपवासाचं मात्र घरूनच न्यायचं: राजगिऱ्याचे लाडू, भाजके दाणे, खजूर. केळी आणि शहाळी तिथे भरपूर. दूध बऱ्याच ठिकाणी पावडरीचं असतं, लहान मूल बरोबर असेल तर आईला हे आधी माहीत हवं.

सुट्ट्यांचा विषय निघाला की तुम्ही कधी गोड बोलला नाहीत, त्याचेही आभार. मोसमी वारे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच अंदमानात पोचतात, आपल्याकडे यायच्या दोन-तीन आठवडे आधी. म्हणजे ‘निकाल लागला की जाऊ’ म्हणणारी कुटुंबं नेमकी तेव्हाच निघतात जेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेल्या राधानगरला लाटा चढायला लागलेल्या असतात आणि बोटी रद्द होऊ शकतात. दिवाळीच्या सुट्टीत ईशान्येचा पाऊस गाठू शकतो. डिसेंबर अखेर ते एप्रिल हे दिवस चांगले. त्यातही नाताळचा आठवडा टाळला तर खोलीचे दर उतरलेले मिळतात.

बोटी रद्द होतात म्हणूनच शेवटची रात्र बेटावर नको, पोर्ट ब्लेअरला (आताच्या श्री विजय पुरमला) हवी, हा तुमचा नियम आम्ही कोणाच्याही आग्रहाखातर मोडत नाही. पाच रात्री असतील तर एक पोर्ट ब्लेअर, दोन स्वराज, एक शहीद, आणि परत एक पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेलला शेवटच्या दिवशी निवांत वेळ मिळतो तो याच मांडणीमुळे. मराठी माणूस तिथे घाईने जाऊन येऊ शकत नाही.

पैशांचं: 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेटवर्क सुधारलं आहे, तरी दोन दिवसांच्या जेवणाची आणि स्कूटरची रोकड खिशात असावी. संध्याकाळी खाडी-तिवरांच्या जवळ वाळूत बसताना पाय झाकावेत, वाळूमाश्यांच्या चाव्याची खाज आठवडाभर जात नाही. आणि राधानगरच्या नील्स कोव्हकडे पाण्यात उतरायचं नाही. 2010 साली राधानगरला मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा जीव गेला होता. पाटी दिसो न दिसो, जीवरक्षक जिथे उभे असतात त्याच पट्ट्यात पोहायचं, हे तुम्ही दर वेळी, दर माणसाला, न कंटाळता सांगता. यासाठी तुमचे आभार मानायला शब्द अपुरे पडतात, कारण इथे चूक झाली तर ती भरून निघत नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत जाणाऱ्यांची यादी पाठवतो आहोत. त्यात एक चाकाच्या खुर्चीतल्या आजी आहेत. पाच नंबरवर समुद्राकडच्या अंगाला, रॅम्प असलेली आणि बाथरूमला उंबरठा नसलेली खोली तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा.

कोकमं आणि त्रिफळं टपालाने निघाली आहेत. बांगडा नाही मिळाला तर कुप्याचंच तिखलं करा, पण कल्ला बघून.

तुमचे ऋणी,
पुण्याची मंडळी