चित्रकारांची नावे का गाळली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला निक फ्युरीवरचा लेख वाचला. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला मार्वल कॉमिक्समधला हा गुप्तहेर म्हणजे लेखक स्टॅन ली यांची कल्पना आणि सॅम्युअल एल. जॅक्सन यांचा अभिनय, असे लेखकाने ठामपणे लिहिले आहे. पाऊण पानाच्या त्या लेखात एकाही चित्रकाराचे नाव नाही, याचा मला अतिशय राग आला आणि तो अजून शमलेला नाही.

मे १९६३ च्या कॉमिक्सच्या अंकात दुसऱ्या महायुद्धातला सार्जंट म्हणून आलेल्या फ्युरीला कागदावर उतरवले ते जॅक कर्बी यांनी. ली यांची लष्करातली नोकरी अमेरिकेतच झाली. कर्बी मात्र १९४४ मध्ये पायदळातले शिपाई म्हणून फ्रान्सला गेले आणि तिथल्या थंडीने त्यांचे पाय कामातून जाण्याची वेळ आली होती. सार्जंटच्या गालावरचे दाढीचे खुंट आणि दातांत धरलेला सिगार मला त्या अनुभवातूनच आलेले वाटतात. १९६५ मध्ये फ्युरी ‘शील्ड’ या गुप्तहेर संघटनेचा प्रमुख झाला, तेही ली-कर्बी याच जोडीच्या हातून. जॅक्सन यांचा चेहरासुद्धा फ्युरीला चित्रपटाने दिलेला नाही. तो २००२ मध्ये ब्रायन हिच यांनी कॉमिक्समध्ये काढला. जॅक्सन त्या भूमिकेत पडद्यावर आले ते २००८ मध्ये.

मात्र माझी खरी तक्रार फ्युरीचे पुढचे चित्रकार जिम स्टेरँको यांचे नाव गाळल्याबद्दल आहे. १९७९ साली कलाशिक्षणाच्या वर्गाला जाताना फोर्टच्या फुटपाथवर मला फ्युरीच्या गोष्टी ज्यात येत त्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिक्सचा १६७ वा अंक मिळाला. मुखपृष्ठ गेलेले, पिना गंजलेल्या. त्यात स्टेरँको यांनी सलग चार पानांवर पसरलेले लढाईचे एकच चित्र काढले आहे. उघडलेल्या दोन पानांवर त्याचा अर्धा भाग दिसतो, उरलेला अर्धा पान उलटल्यावर. पान फाडूनही उपयोग नव्हता, कारण दुसऱ्या पानाच्या पाठीवरच तिसरे छापलेले होते. संपूर्ण चित्र पाहायचे तर दोन प्रती शेजारी शेजारी ठेवायला हव्यात, आणि माझ्याजवळ होती एकच. म्हणून त्या चित्राची शेवटची दोन पाने मी ट्रेसिंग पेपरवर उतरवली. तीन रात्री लागल्या. चौथ्या दिवशी सकाळी खोलीतल्या फरशीवर अंक उघडून त्याच्या उजव्या बाजूला ते ट्रेसिंग लावले, तेव्हा सगळी लढाई या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रथमच एकत्र दिसली. पुढे तीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली, पण पानाची मर्यादा म्हणजे काय आणि ती कशी ओलांडायची, हे मला त्या सकाळी कळले.

तो अंक निघाला त्याच वर्षी, १९६८ मध्ये, फ्युरीच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्या अंकात स्टेरँको यांनी सुरुवातीची तीन पाने एकही शब्द न वापरता रंगवली. शब्दच नसलेल्या त्या पानांचे श्रेय आपले लेखक कोणाला देणार आहेत?

लेखासोबत जुन्या कॉमिक्समधले एक पान छापले आहे, त्याखालीही चित्रकाराचे नाव नाही. या निमित्ताने हेही लिहितो की, गेले काही महिने आपल्या पुरवणीतल्या कथांच्या चित्रांखालचे चित्रकाराचे नाव दिसेनासे झाले आहे. पूर्वी ते बारीक अक्षरात का होईना, असायचे, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना ते मुद्दाम वाचायला लावत असे.

पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी आणि तीत कर्बी, स्टेरँको व हिच ही तिन्ही नावे यावीत, अशी आग्रहाची विनंती आहे. ते ट्रेसिंग मी जपून ठेवले आहे; आपल्या कोणा सहकाऱ्यास पाहायचे असल्यास अवश्य यावे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, डोंबिवली