मिटिंगची वेळ आणि पत्ता छापाल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर मी रोज वाचते. व्याख्यानं, प्रदर्शनं, शिबिरं, सगळं त्यात असतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मिटिंगचा पत्ता मात्र कधी दिसला नाही. तो छापावा, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझे पती स्वतःहून म्हणाले, “मला जायचंय. कुठे असतं ते बघ.” लग्नानंतर सोळा वर्षांत पहिल्यांदाच. मी चार ठिकाणी विचारून पत्ता मिळवला. गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, ते लोक वर्षापूर्वीच दुसरीकडे गेले. परतताना हे एक शब्दही बोलले नाहीत. त्या रात्री प्यायले, आणि पुन्हा “जाऊ या” म्हणायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. पिणाऱ्या माणसाच्या मनाची तयारी कधी कधी तास-दोन तासच टिकते. तेवढ्या वेळात दार सापडायला हवं.

या मिटिंग भरवणाऱ्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेची सुरुवातच मुळी अशा शोधातून झाली. मे 1935. न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन व्यवहार फिसकटल्यामुळे अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन शहरातल्या एका हॉटेलात एकटेच होते. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले आणि समोर हॉटेलचा बार. तिथल्याच भिंतीवर चर्चची यादी लावलेली होती. तीत पाहून त्यांनी फोन केला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटेल का, असं विचारलं. त्यातूनच डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी त्यांची गाठ पडली. डॉ. बॉब शेवटचं प्यायले तो 10 जून 1935 हा दिवस आज संघटनेचा स्थापनादिन मानतात. भिंतीवर ती यादी नसती तर, असं माझ्या मनात नेहमी येतं.

वर्तमानपत्रांनी काय होऊ शकतं तेही याच इतिहासात आहे. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात या मंडळींवर मोठा लेख आला. तेव्हा सभासद होते सुमारे दोन हजार. वर्षअखेर ते आठ हजारांच्या घरात गेले.

हे ग्रुप स्वतःची जाहिरात करत नाहीत. त्यांच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे ग्रुपनी पाळायच्या तत्त्वांपैकी, अकरावी तसंच सांगते, आणि वृत्तपत्रांत सभासदांची नावं येऊ नयेत असंही सांगते. पण वेळ आणि पत्ता ही माहिती आहे. ती द्यायला कुणाचं नाव लागत नाही.

आणखी एक शब्द छापावा, तो म्हणजे ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’. क्लोज्ड मिटिंगला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच बसतो. ओपनला घरचेही येऊ शकतात. हे ठाऊक नसल्यामुळे एक बाई क्लोज्ड मिटिंगच्या दारातून रडत परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटनाही आहे. तिचाही पत्ता द्यावा. मी तिथे गेले ती यांची दारू कशी सोडवायची हे विचारायला. तिथे मला आधी माझी झोप परत मिळाली.

आत काय होईल, या भीतीनेच बरेचजण बाहेरून वळतात. यांनाही वाटत होतं, नाव-गाव लिहून घेतील, कुणीतरी उपदेश करेल. तसं काही झालं नाही. पहिलं नाव सांगितलं तरी पुरतं. फी नाही. ऐच्छिक वर्गणीसाठी पिशवी फिरते, नव्या माणसाकडून कसलीच अपेक्षा नसते. अट एकच, दारू सोडायची इच्छा. पहिल्या दिवशी हे नुसते बसून शेअरिंग, म्हणजे इतरांनी सांगितलेले स्वतःचे अनुभव, ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, “तो माणूस माझंच सांगत होता.”

या मिटिंगमध्ये देवाचा उल्लेख येतो. तो ज्यांना अडतो त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धतीचे गटही असतात. त्यांनाही जागा द्यावी.

एक सूचना मात्र ठळक छापावी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या काही दिवसांत थरथर, भास, फीट असा त्रास होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. अशांनी आधी डॉक्टरांना भेटावं. मिटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे.

आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा पुरेल. वार, वेळ, पत्ता, ग्रुपचा फोन. मात्र दर महिन्याला फोन करून खात्री करून घ्यावी. जुना पत्ता छापण्यापेक्षा न छापलेला बरा, हे मी अनुभवावरून सांगते.

यांना आता दारू सोडून चार वर्षं झाली. मिटिंगच्या आधी जाऊन हॉल उघडणं, खुर्च्या मांडणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. मिटिंग सुरू झाली तरी दहा-पंधरा मिनिटं ते बाहेर फाटकाशीच उभे असतात. कुणी पत्ता शोधत आलंच, तर चुकू नये म्हणून.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये.)