कॅरलला जाशील, पण

सदरबझार, सातारा
9 डिसेंबर

प्रिय सोनूस,
आईचा सलाम आणि अनेक आशीर्वाद.

नाताळला येत नाहीस असं फोनवर म्हणालीस आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन बाबांकडे दिला. राग नव्हता गं. बोलताना मध्येच थांबून खोकलीस, ते कानात राहिलं. औषधाचा पंप जवळ असतो ना? तेवढंच विचारायला कागद घेतलाय, बाकी काही लिहायचं नाही असं ठरवून.

तुमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये तू तरुण संघाची खजिनदार झालीस, हे बाबा अख्ख्या मंडळीला सांगत सुटलेत. आत्याचं तोंड मात्र वाकडं. "1970 ला आपल्यासारखे पंथ एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाले, मेथडिस्ट तेवढे ऐनवेळी बाहेर राहिले, आणि आपली पोरगी नेमकी तिकडेच!" बाबा म्हणाले, मुंबईचे मिशनरी बोएनसाहेब 1848 साली आले ते आपल्याच अमेरिकन मिशनचे, पुढे मेथडिस्ट झाले; पगारसुद्धा सोडला त्या माणसानं. आत्या म्हणाली, पगाराचं तेवढं पोरीला सांगू नका. मला काय, परक्या शहरात रविवारी कुणी 'जेवलीस का' विचारतंय, पुष्कळ झालं.

पण खजिनदारी जपून कर. नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरून कॅरलच्या डब्यात जमलेले पैसे एकटीनं मोजायचे नाहीत. दोघींनी मोजायचे, त्याच रात्री वहीत लिहायचे, दोघींच्या सह्या. 'उद्या बघू' नाही. आमच्या महिला मंडळात लोणच्याच्या विक्रीचे पैसे जुळेनात तेव्हा दोघी जणी नाताळपर्यंत एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि पाकीट निघालं बरणीखाली! पाळकसाहेबांनी मागितले तरी सहीशिवाय पैसे द्यायचे नाहीत. झालं, लागले मी उपदेश करायला. माफ कर. तुला लिलावाचा अनुभव आहेच. कापणीच्या सणाला स्टुलावर उभी राहून तू बोली पुकारत होतीस आणि बाबांनी आपल्याच दारची पपई चढ्या भावानं विकत घेतली होती. घरी आणून कापली तर कच्ची.

कॅरलला रात्री उशिरापर्यंत उघड्या टेंपोतून फिरता म्हणे. मुंबईत थंडी नसते म्हणतेस, धूळ तर असते ना? पाचवीत असताना हट्ट करून आमच्याबरोबर आलीस ते आठवतं का? अजिंक्यताऱ्याकडून वारा सुटलेला, घरोघरी चहा, करंज्या, पुन्हा चहा. पोवई नाक्याच्या पुढे तुला धाप लागली. बाबांनी पेटी दुसऱ्याकडे दिली आणि तुला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडे पळाले. तुझे ओठ काळेनिळे झालेले, आणि विचारतेस काय, तर 'उरलेली घरं उद्या करायची ना?' त्यामुळे आताही तुला जाऊ नको म्हणत नाही. म्हटलं तरी ऐकणार थोडीच आहेस! गाणं दुसऱ्यांना म्हणू दे, तू डबा धर. नाकावर रुमाल बांध.

तुमच्याकडे इंग्रजी कॅरल जास्त असतील. एखादं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजनही घ्या. शेवटची वर्षं ते इथं साताऱ्यात होते. तुझ्या पणजीनं त्यांचं कीर्तन ऐकलेलं. झांजा नसतील तर बाबा पाठवतील.

31 च्या रात्रीची उपासना चुकव असं मी कसं म्हणू? ती तर मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या तुमच्या वेस्लीसाहेबांपासून चालत आलेली. पण ती सुटल्यावर लोकलनं एकटी जाऊ नकोस. चर्चमधल्या कुणाकडे तरी राहा, आणि त्यांना पंपाचं आधीच सांगून ठेव. लाज कसली त्यात? बाबा म्हणतात, ती मंडळीचे पैसे सांभाळते, स्वतःला सांभाळेल. त्यांचं आपलं सोपं असतं.

करंज्या आणि केक समोरच्या काकांबरोबर पाठवतेय, ते शनिवारी दादरला उतरतील. टेंपोतल्या सगळ्या पोरांना वाट. स्टीलचा डबा आत्याचा आहे, तो तेवढा परत पाठव. रिकामा नको पाठवूस, नाहीतर त्यावरूनही मेथडिस्टांना ऐकून घ्यावं लागेल.

तुझी,
आई